कटिंग डायचा पसारा घरातल्याच वस्तूंत कसा आवरायचा?

कागदकिडा
हाय मंडळी, कार्डं बनवायचा नाद लागून दोनेक वर्षं झाली आणि डाय, म्हणजे कागदातून फुलं-वर्तुळं असे आकार कापायचे धारदार साचे, इतके साठलेत की विचारू नका. सगळे पातळ स्टीलचेच आहेत. सध्या ज्या पाकिटातून आले त्याच पाकिटात चपलांच्या खोक्यात उभे कोंबून ठेवलेत, पाकिटं फाटत चाललीत आणि फुलापानांच्या सेटमधला एक इवलासा देठ दोनदा कागदाच्या कपट्यांबरोबर कचऱ्यात जाता जाता वाचला. एखादा डाय शोधायला बसले की अर्धा तास तिथेच जातो, मग कार्ड करायचा मूडच राहत नाही. खास डायसाठीचे फोल्डर मिळतात ते बघितले, पण तेवढ्यात दोन नवीन डाय नाही का येणार :) घरातलंच काय काय वापरता तुम्ही?

गोंद_आणि_कात्री
डीव्हीडीचे जुने डबे! कुणी बघतंय आता डीव्हीडी? डबा साधारण १९ बाय १३.५ सेंमीचा असतो, त्यात मध्यम आकाराचा सेट आरामात बसतो. डिस्क अडकवायची मधली गुंडी पक्कडीने तोडून टाक, नाहीतर आत काहीच सपाट बसत नाही. मग आत पातळ पुठ्ठा, त्यावर चुंबक, त्यावर डाय. चुंबक म्हणजे जाहिरातीत फुकट येतात ना फ्रिजला लावायचे ते रबरी, ते साध्या कात्रीने कापले जातात. एक मात्र लक्षात ठेव, त्यांची बिनछापील काळपट बाजू वर यायला हवी. छापील बाजूला पकड जवळजवळ नसतेच, मी पहिले चार डबे उलटे चिकटवले आणि वर चुंबकच बेकार म्हणून चिडत बसले होते.

डबा पुस्तकासारखा उभा राहतो, कण्यावर नाव लिहिता येतं. आणि बाहेरच्या प्लास्टिकच्या आत जिथे सिनेमाचं कव्हर असायचं तिथे त्या डायने कापलेले नमुने गडद कागदावर चिकटवून सरकवायचे. नुसता डाय बघून कळत नाही गं आकार कसा येणार ते, कापलेला कागद बघितला की लगेच कळतं.

शिळा_पुठ्ठा
डीव्हीडीचे डबे जागा फार खातात, माझ्याकडे ७०-८० सेट आहेत, एवढे डबे ठेवले तर मी कुठे बसू? माझं असं: खाऊच्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा सगळा एकाच मापात कापायचा, त्यावर चुंबकाच्या पट्ट्या दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावायच्या (पांढरा गोंद नको, पुठ्ठा वाळताना वाकतो) आणि हे कार्ड पारदर्शक पाकिटात घालून खोक्यात फाइलसारखं उभं करायचं. म्हणजे तुझं चपलांचं खोकंच चालेल, फक्त कोंबायचं नाही, बोटाने चाळता आलं पाहिजे. मध्ये मध्ये थोडी उंच कार्डं घाल, वर्तुळं, फुलं, अक्षरं असं लिहून. पूर्ण चुंबकी शीट लागतच नाही, दोन पट्ट्यांवर मोठा डाय नीट राहतो. बारीक तुकड्यांखाली तेवढा सलग तुकडा लाव.

एकात एक बसणारी वर्तुळं-चौकोन कधी सुटे करू नकोस, मोठ्यात लहान असेच लावून ठेव, एक जरी हरवलं तरी जागा रिकामी दिसते आणि लगेच कळतं.

उशिराचा_पाहुणा
फोटोंचा अल्बम पण चालतो, १० बाय १५ सेंमीच्या कप्प्यांचा. चुंबक नाही काही नाही. फक्त बारीक तुकडे तोंडातून घसरतात, ते छोट्या झिपच्या पिशवीत घालून मग कप्प्यात.

चिमटा
सगळे डबेच सांगताय, गंजाचं कोणीच बोललं नाही :D माझ्याकडचे काही डाय पावसाळाभर तसेच राहिले आणि कडेला तांबूस ठिपके आले, मग पुढची दोन-तीन कार्डं डागाळली. ओल्या हाताने किंवा ओल्या फडक्याने पुसून लगेच पाकिटात बंद करायचं नाही, सुकू द्यायचं. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, एकेक टाकून द्या. तेलबिल लावू नका, ते कागदावर उतरतं. आणि ठेवण्याआधी अडकलेले कागदाचे कण टाचणीने काढा, डायला त्यासाठीच भोकं असतात.

अजून एक. ढीग करून त्यावर जड काही ठेवू नका, लांब नाजूक डाय वाकले तर नीट कापत नाहीत, आणि धार नेहमी एकाच बाजूला असते ती वर राहू दे.

गोंद_आणि_कात्री
बरोबर आहे, पण उभे ठेवले तर चुंबक चांगलं लागतं हां, कमजोर असेल तर सगळे घसरून तळाशी जमतात. आधी एक कार्ड उभं धरून हलवून बघ.

शिळा_पुठ्ठा
आणि स्टँपबरोबरचे (शाईने चित्र उमटवायचे शिक्के गं) डाय त्या स्टँपच्याच पाकिटात ठेव बाई, कंपनी वेगळी असो, रंग वेगळा असो. मी आधी सगळे डाय एकीकडे, सगळे स्टँप एकीकडे ठेवले होते, दिसायला छान पण जोडी लावण्यात जीव जायचा.

कागदकिडा
थँक्यू सगळ्यांना! डबे घरात दहाच निघाले म्हणून दोन्ही केलंय: नेहमी लागणारे डीव्हीडीच्या डब्यात टेबलावर, बाकी पुठ्ठ्याच्या कार्डांवर खोक्यात. काल रात्री दीडपर्यंत नमुने कापत बसले होते, त्यात कळलं की ढगांचा एकच सेट मी दोनदा घेतलाय. आणि तो देठ काही आता नाही हरवणार, त्याला एकट्याला चुंबकाचा चौकोन दिलाय. चिमटा, एका डायवर तांबूस ठिपका दिसतोय, मऊ खोडरबराने घासून बघू का?

चिमटा
बघ हलक्या हाताने, वरवरचा असेल तर जाईल. धारेला लागू देऊ नकोस, आणि नंतर रद्दी कागदावर दोनदा कापून घे, राहिलेला डाग तिथेच उतरतो.

उशिराचा_पाहुणा
तो जास्तीचा ढग कुणाला देणार आहेस का :)