३२ इंची एलईडी टीव्हीसाठी लाइटगन: सिंडेन घ्यावी की आयआर कॅमेऱ्याची घरी जुळवावी? (इंदूर)

रामबागचा_ट्रिगर
नमस्कार मंडळी. घरी दोघांना एकदम खेळता येईल असं लाइटगनचं (पडद्यावर नेम धरून झाडायची खेळातली बंदूक) आर्केड बसवतोय. भिंतीवर ३२ इंची एलईडी टीव्ही, खाली विंडोजचा साधा पीसी. टीव्हीपासून समोरच्या भिंतीपर्यंत जेमतेम ७ फूट, आणि पश्चिमेला मोठी खिडकी. प्लेस्टेशनची जुनी लाइटगन, गनकॉन, हीही पडून आहे. ती या टीव्हीवर चालेल का? नसेल तर तयार मिळणारी सिंडेन गन मागवू की डीएफरोबो कंपनीचा आयआर (अवरक्त प्रकाश टिपणारा) कॅमेरा आणून स्वतः जुळवू? रिकॉइल (गोळी झाडताना हाताला बसणारा धक्का) लावणं झेपेल का? सोल्डरिंग येतं.

जेलरोड_सोल्डर
गनकॉन एलईडीवर चालणार नाही, कुठलाही कन्व्हर्टर लावला तरी. जुन्या ट्यूबच्या टीव्हीतला किरण पडद्यावर ओळीओळीने फिरतो, आणि तो गनच्या नळीसमोर कुठल्या क्षणी आला यावरून गनकॉन जागा काढते. त्यासाठीच तिची पिवळी पिन कंपोझिट व्हिडिओला जोडतात. एलईडी पॅनेलमध्ये असा किरणच नसतो. ट्यूबचा टीव्ही मिळाला तरी १०० हर्ट्झवाला घेऊ नका. तो फ्रेम साठवून दुप्पट वेगाने दाखवतो, त्यामुळे वेळेचं गणित मोडतं.

आता मुख्य गोष्ट. ब्रँड नंतर ठरवा, आधी टेप घेऊन अंतर मोजा. गनमध्ये बसवायचा डीएफरोबोचा एसईएन०१५८ कॅमेरा आडवा ३३ अंश आणि उभा २३ अंशच बघतो. ३२ इंची पडदा साधारण ७१ बाय ४० सेंमी. भिंतीला टेकून उभं राहिलं तरी हात पुढे ताणला की गनचं तोंड ५ फुटांवर येतं. अंतर तिथून मोजायचं, डोळ्यांपासून नाही. ५ फुटांवर कॅमेऱ्याला मध्यापासून दोन्ही बाजूंना ४५ सेंमी आणि वर-खाली ३१ सेंमी दिसतं. नेम ओळखायला कॅमेरा टीव्हीला लावलेले आयआर एलईडी दिवे बघतो; ते चार बाजूंच्या मध्यावर लावले असतील तर वरच्या डाव्या कोपऱ्यात नेम धरताच उजवा आणि खालचा दोन्ही नजरेबाहेर जातात. फर्मवेअर (गनच्या बोर्डावरचं सॉफ्टवेअर) उरलेल्या दोनांवरून अंदाज बांधतं, पण निशाणा थरथरतो. गन छातीजवळ धरली आणि तोंड ६ फुटांवर राहिलं, तर तोच हिशेब ५४ आणि ३७ सेंमीचा होतो. तेव्हाही कोपऱ्यात तेच दोन एलईडी सुटतात, खालचा मात्र थोडक्यात. म्हणजे तुमच्या खोलीत हे जमेल, पण कोपऱ्यांत निशाणा थोडा थरथरेल, आणि पुढे सरकून खेळायची सवय असलेल्यांना जास्त त्रास होईल. ४३ इंची टीव्हीला ही खोली मात्र पुरणार नाही.

माळवा_पिक्सेल
म्हणूनच मी सिंडेनच्या बाजूने बोलतो. तिचा कॅमेरा सॉफ्टवेअरने पडद्याच्या कडेने दाखवलेली पांढरी चौकट शोधतो, टीव्हीला काही चिकटवावं लागत नाही. अट एकच, चौकट चारही बाजूंनी पूर्ण दिसली पाहिजे. टीव्हीचं ओव्हरस्कॅन (चित्र थोडं ताणून दाखवणं) बंद करा, नाहीतर कड कापली जाते. पिक्चर मोड ‘गेम’ ठेवा. चित्र पीसी तपासतो, त्यामुळे प्रोसेसर फार जुना असेल तर निशाणा मागे पडतो. दोन गन एकाच यूएसबी हबवर लावू नका, दोन्ही कॅमेऱ्यांचा डेटा तिथे अडतो. प्रत्येक गन थेट पीसीच्या पोर्टला, आणि शक्यतो वेगवेगळ्या यूएसबी कंट्रोलरवर. बाहेरून मागवताना कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरूनच दोन गनचा हिशेब करा.

रामबागचा_ट्रिगर
बजेट पाहता घरी जुळवण्याकडेच कल आहे. एलईडीची वायरिंग आणि खिडकीचं काय?

जेलरोड_सोल्डर
९४० नॅनोमीटरचे ५ मिमी आयआर एलईडी घ्या, जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत चौकशी करा. प्रत्येक बाजूला चार: दोन-दोनच्या दोन ओळी, प्रत्येक ओळीला ४७ ओहमचा पाव वॉट रेझिस्टर, ५ व्होल्टवर. ओळीतून सुमारे ५० मिलीअँप जातात, आठ ओळींचे मिळून ४०० च्या आसपास. टीव्हीच्या यूएसबीवर भार नको, जुना १ अँपचा मोबाइल चार्जर लावा. तार फार बारीक घेतली तर शेवटची बाजू मंद पडते. लागलेत का हे डोळ्यांना कळणार नाही, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून जांभळट दिसतात.

खिडकी टीव्हीच्याच भिंतीत असेल तर दुपारनंतर जाड पडदा हवाच. कॅमेऱ्याला ऊन आणि एलईडी सारखेच. जुने तारेचे बल्ब आणि देवघरातली समईही नेमच्या रेषेत नको, ज्योतीतूनही आयआर निघतो. टीव्हीखाली काचेचं टेबल असेल तर त्यावर कापड टाका. प्रतिबिंब पाचवा ठिपका बनतं आणि निशाणा उड्या मारतो.

बोर्ड म्हणून रास्पबेरी पाय पिको, त्यावर ओपनफायर हे लाइटगनचं फर्मवेअर. बोर्डावरचं बूटसेल बटण दाबून यूएसबी लावा, फाइल कॉपी करा, पिन ॲपमधून ठरवा. कॅमेऱ्याला ३.३ व्होल्टच द्या. ५ दिले तर त्याच्या डेटा तारांवरही ५ येण्याचा धोका, आणि पिकोच्या पिना तेवढं सोसत नाहीत. बॉडीसाठी रंगपंचमीची मोठी पिचकारी उत्तम, पाण्याच्या टाकीच्या जागेत बोर्ड मावतो. मात्र स्क्रूवाली निवडा, चिकटवलेली उघडताना फुटते.

सोलेनॉइड_इंदोरी
रिकॉइल झेपेल, पण पहिली गन त्याशिवाय जुळवून नेम पक्का करा. मग २४ व्होल्टचा सोलेनॉइड (वीज मिळताच दांडा ओढणारी कॉइल), वेगळा ॲडॉप्टर आणि तो चालू-बंद करायला लॉजिक लेव्हलचा (पिकोच्या कमी व्होल्टवर चालणारा) मॉसफेट. ॲडॉप्टरची आणि पिकोची ग्राउंड एकत्र जोडायची. कॉइलला उलटा डायोड (१एन४००७) नसेल तर प्रत्येक गोळीला उलटा झटका बसतो आणि यूएसबीची जोडणी तुटते. मॉसफेटच्या गेट पिन आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. पिको सुरू होताना गेट लोंबकळत राहिला तर सोलेनॉइड ओढलेलाच राहतो आणि कॉइल जळते. ॲडॉप्टरच्या तारा लांब असतील तर सोलेनॉइडजवळ १००० मायक्रोफॅरॅड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर.

दोन गन असतील तर ओपनफायरमध्ये दोघींना वेगळी यूएसबी ओळख द्या. मेम (MAME, पीसीवर जुने आर्केड गेम चालवणारं सॉफ्टवेअर) यात लाइटगन चालू केल्यावरच त्या स्वतंत्र दिसतात, नाहीतर दोघी एकच कर्सर ओढतात. पडद्याबाहेर गोळी झाडून रीलोड होत नसेल तर तिथलंच ऑफस्क्रीन रीलोड चालू करा, मग दुसरं बटण ते काम करतं. टाइम क्रायसिस खेळायचं असेल तर पायाचा स्विचही लागेल, लपणं त्यात पेडलवरच आहे. साधा दाबल्यावर जुळणारा फूटस्विच पिकोच्या पेडल पिनला जोडा. शिलाई मशीनचं पेडल नको, त्यातून वेग कमीजास्त होतो, सरळ चालू-बंद मिळत नाही.