‘हेल्पर मॅक्रो’ला मदतनीस म्हणावं का?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नेलवर, म्हणजे तिच्या अगदी आतल्या मूळ भागावर, मराठीतून दोन तास बोलायचं आहे. मुलांना सी ही प्रोग्रामिंगची भाषा येते, पण इंग्रजी वाक्य जरा लांबलं की माना खाली जातात. विषय मुद्दाम लहान घेतलाय: कर्नेलमध्ये एखादा छोटा हेल्पर मॅक्रो (वारंवार लागणाऱ्या कोडला दिलेलं छोटं नाव) घालावा असं सुचवायचं झालं, तर आपल्याला काय काय विचारलं जातं.

पहिल्याच स्लाइडवर अडले. ‘छोटा मदतनीस मॅक्रो’ असं लिहून घरी वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, “अंगणवाडीतली मदतनीस का गं?” शिवाय मॅक्रो म्हणजे मोठा ना? मग छोटा मॅक्रो म्हणजे काय, लहान मोठा? कर्नेल, हेल्पर, मॅक्रो, तिन्हींवर मत हवंय. उदाहरण म्हणून ‘पीटीआर_एर_ऑर_झीरो’ हा मॅक्रो घेतला आहे.

भाषांतरकार

ताई, कर्नेलपासून सुरुवात करतो. पहिली गोष्ट, ‘कर्नेल’ असंच लिहा. ‘कर्नल’ लिहिलंत की पोरांच्या डोळ्यांपुढे मिशीवाले साहेब उभे राहतात.

इंग्रजीतला हा शब्द धान्याच्या दाण्याशी नातं सांगतो. ‘कॉर्न’चं लघुत्वदर्शक रूप, म्हणजे इवलासा दाणा. लिनक्सच्या आधीच्या युनिक्स प्रणालीवाल्यांनी बाहेरच्या थराला ‘शेल’ म्हटलं, त्यामुळे रूपक पुरं झालं: हाताला लागतं ते टरफल, आत असतो तो दाणा. आपल्याकडे भुईमुगाची शेंग आहे, पण टरफल म्हटलं की मराठी माणसाला टिळकांची शाळेतली गोष्ट आठवते आणि व्याख्यान तिकडे जातं. त्यापेक्षा करवंटी आणि खोबरं बरं. करवंटीची निदान पळी तरी करता येते. ‘गाभा’ मात्र नको. प्रोसेसरच्या ‘कोअर’ला लोक आधीच गाभा म्हणून बसलेत. रूपक एकदा सांगा आणि पुढे सरळ कर्नेल म्हणा.

निवृत्त शिक्षक

मॅक्रोबद्दल थोडं माझ्या गल्लीतलं. ग्रीक ‘माक्रोस’ म्हणजे लांब, मोठा, हे बरोबर. पण मूळ शब्द ‘मॅक्रो-इन्स्ट्रक्शन’ होता: अशी एक मोठी आज्ञा, जिच्या जागी अनेक साध्या आज्ञा येतात. लिहायला छोटी, उलगडली की मोठी. म्हणून ‘छोटा मॅक्रो’ यात वदतोव्याघात नाही.

अशी सोय आपल्याला नवी आहे का? पाणिनीचे प्रत्याहार पाहा. ‘अच्’ म्हटलं की सगळे स्वर. वर्ण ओळीने मांडणाऱ्या चौदा शिवसूत्रांतल्या कुठल्या अक्षरापासून कुठल्या खुणेपर्यंत घ्यायचं, एवढंच ते नाव सांगतं. गंमत म्हणजे नावांची टक्कर तिथेही आहे. ‘ण्’ ही खूण पहिल्या सूत्रातही येते आणि सहाव्यातही. मग ‘अण्’ म्हणजे कुठवर? भाष्यकारांना यावर बरंच लिहावं लागलं, आणि शेवटी एक सूत्र वगळता सगळीकडे पहिला ‘ण्’ धरायचा असं ठरलं. मी मॅक्रोला ‘प्रत्याहार’ सुचवतो.

कर्नेलवाला

सर, प्रत्याहार भारी आहे, पण मुलं योगासनांच्या तासाला आल्यासारखी बसतील.

निवृत्त शिक्षक

मान्य. मग पोस्टकार्डावर येतो. पूर्वी पत्राच्या वर ‘सा. न. वि. वि.’ लिहायचे. वाचणारा मनात ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असं उलगडून घ्यायचा आणि मगच मजकुराकडे वळायचा. तुमचा मॅक्रो याहून वेगळं काय करतो?

कर्नेलवाला

काहीही नाही! इतकं नेमकं उदाहरण मला दहा वर्षांत सुचलं नव्हतं. मॅक्रो कुणाची मदत करत नाही, कुठलं काम अंगावर घेत नाही. संकलक (कंपायलर) कोड वाचायच्या आधी एक कारकून (प्रीप्रोसेसर) बसलेला असतो, तो ‘सा. न. वि. वि.’ खोडून तिथे पूर्ण वाक्य लिहितो. त्याला अर्थाशी देणंघेणं नाही.

म्हणूनच ‘मदतनीस’ या शब्दाने घोटाळा होतो. मदतनीस म्हणजे फंक्शन. त्याच्याकडे काम सोपवता येतं, तो ते करून उत्तर आणून देतो. मॅक्रो म्हणजे लघुरूप, संक्षेप. हा फरक कळला नाही की काय होतं ते मुलांना फळ्यावर दाखवा. ‘वर्ग(क)’ असा मॅक्रो करा, त्याचा विस्तार ‘क * क’. वर्ग(५) दिलं की २५, सगळे खूश. आता वर्ग(२ + ३) द्या. कारकून इमानेइतबारे लिहितो: २ + ३ * २ + ३. उत्तर ११. मदतनिसाला तुम्ही ५ दिले असते. कारकुनाला तुम्ही अक्षरं दिलीत.

कंस घातले की हे सुटतं, पण पुढचं सुटत नाही. वर्ग(पुढचा_टोकन()) लिहिलंत तर ‘पुढचा_टोकन()’ दोनदा छापलं जातं आणि दोनदा चालतं. बँकेत यंत्राचं बटण दोनदा दाबल्यासारखं: आपल्या हातात दोन टोकन, आणि मागचा माणूस चिडलेला.

कर्नेलमधल्या ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ (दोनांतला लहान आणि मोठा आकडा देणारे मॅक्रो) यांना हाच आजार होता. औषध म्हणून आत तात्पुरते चल (व्हेरिएबल) ठेवले, दोन्ही बाजूंचे प्रकार जुळतात का ते तपासलं, मग स्थिरांकांसाठी वेगळी वाट, अशी वर्षानुवर्षं पुटं चढत गेली. प्रत्येक पूट आपापल्या जागी शहाणपणाचं होतं. पण २०२४ साली संकलनाला फार वेळ लागतो अशी तक्रार आली, तेव्हा शोधाशोधीत झेन (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणारी प्रणाली) साठीच्या कोडमधली एक ओळ सापडली. तिच्यात मिनच्या आत मिन होता. कारकुनाने ती ओळ उलगडली की ४७ मेगाबाइट मजकूर व्हायचा. एका ओळीचा! सरांच्या पोस्टकार्डावर ‘सा. न. वि. वि.’ लिहावं आणि पोस्टमनने ट्रक घेऊन दारात यावं, तसं. त्यानंतर ते मॅक्रो बरेच सोपे केले गेले.

त्यामुळे कुणी नवा मॅक्रो सुचवला की पहिला प्रश्न येतो: हे फंक्शन का नाही? कर्नेलची लेखनपद्धती सांगणारा दस्तऐवजही हेच म्हणतो, की फंक्शनसारख्या दिसणाऱ्या मॅक्रोपेक्षा इनलाइन फंक्शन (ज्याचा कोड संकलक वापराच्या जागीच बसवू शकतो असं फंक्शन) बरं.

धागाकर्ती

दादा, मग माझं उदाहरण चालेल ना? पीटीआर_एर_ऑर_झीरो?

कर्नेलवाला

चालेल, पण वेगळ्या कारणासाठी. ताई, तो मॅक्रो नाहीच.

धागाकर्ती

अहो, मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) आहे की!

कर्नेलवाला

हो, आणि तिथेच सगळे फसतात. स्थिरांकांच्या मॅक्रोंची नावं मोठ्या लिपीत असावीत असा संकेत आहे, पण ‘मिन’, ‘स्वॅप’, ‘कंटेनर_ऑफ’ हे पक्के मॅक्रो छोट्या लिपीत आहेत, आणि तुमचं पीटीआर_एर_ऑर_झीरो मोठ्या लिपीत असूनही इनलाइन फंक्शन आहे. वेशावरून जात ओळखू नये म्हणतात ते असं.

त्याचं काम मुलांना आवडेल. कर्नेलमधली बरीच फंक्शनं मेमरीतल्या वस्तूचा पत्ता (पॉइंटर) परत देतात. काम फसलं तर सांगायचं कसं? पत्त्यांच्या अगदी शेवटच्या टोकाचे ४०९५ आकडे खऱ्या वस्तूंसाठी वापरत नाहीत, म्हणून काय चुकलं त्याचा ठरलेला क्रमांक उणे करून पत्त्याच्याच वेशात पाठवतात. मेमरी मिळाली नाही तर उणे १२. घेणाऱ्याने तपासायचं: हा पत्ता आहे की चूक? चूक असेल तर तिचा क्रमांक परत द्यायचा, नसेल तर शून्य. या चार ओळी ठिकठिकाणी तशाच्या तशा लिहिल्या जात होत्या.

२०११ साली त्यांच्यासाठी हे छोटं फंक्शन आलं, पण नाव होतं ‘पीटीआर_रेट’. यातला रेट म्हणजे रिटर्न.

भाषांतरकार

मी ‘दर’ समजलो.

कर्नेलवाला

बघा! तिकडे दर कुणी समजलं नाही, पण पत्ता परत मिळतो असं वाटण्याची सोय होती. ते कुठे वापरायचं हे नाव सांगत होतं. काय मिळेल हे सांगत नव्हतं. २०१३ साली कर्नेलचे एक विकसक रस्टी रसेल यांनी नाव बदलून पीटीआर_एर_ऑर_झीरो केलं: चुकेल त्याचा क्रमांक किंवा शून्य. नाव लांबलं, पण पोटात काही उरलं नाही. आणि गंमत ऐका, जुनं नाव वापरणाऱ्यांसाठी ‘पीटीआर_रेट म्हणजे पीटीआर_एर_ऑर_झीरो’ अशी एक ओळ ठेवली. ती ओळ मात्र खरोखरचा मॅक्रो होती.

नव्या नावावरही सगळे खूश नाहीत. काही मेंटेनर (कर्नेलचा एकेक भाग सांभाळणारे) म्हणतात की पुढे त्या फंक्शनच्या शेवटी एखादं काम वाढवायचं झालं तर ही ओळ मोडून पुन्हा चार ओळी कराव्या लागतात. मग वाचवलं काय?

निवृत्त शिक्षक

एवढ्याशा नावासाठी इतकी चर्चा?

कर्नेलवाला

सर, नाव बदलणाऱ्यांनीच बदलाच्या टिपणात कबूल केलंय की बराच काथ्याकूट झाला. त्यांच्याकडे याला ‘बाइकशेडिंग’ म्हणतात. अणुभट्टीचा आराखडा चटकन मंजूर होतो, सायकली ठेवायच्या छपरावर मात्र प्रत्येकाला मत असतं.

भाषांतरकार

आपल्याकडे चर्चेचं गुऱ्हाळ. फरक एवढाच, की गुऱ्हाळातून शेवटी काकवी तरी मिळते. एक राहिलं: मॅक्रो ‘एक्स्पँड’ होतो याला ‘उलगडतो’ म्हणा. ‘प्रसरण पावतो’ म्हणालात तर लोखंडाची कांब तापवायला घेतल्यासारखं वाटतं. व्याकरणातला ‘विग्रह’ही जवळचा आहे, पण समासाच्या विग्रहात अर्थ बघावा लागतो. कारकून तो बघत नाही.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. स्लाइड बदलली. शीर्षक आता ‘कर्नेलसाठी छोटा मदतनीस सुचवताना’, आणि त्यात उदाहरण पीटीआर_एर_ऑर_झीरोचंच, फंक्शन म्हणून. मॅक्रो हा शब्द मॅक्रोच ठेवला. पहिल्यांदा येतो तिथे ‘उलगडणारा संक्षेप’ असं लिहून खाली पोस्टकार्डाचं चित्र टाकलंय. मुलांनी पोस्टकार्ड पाहिलेलं असेल की नाही, ही आता नवी काळजी.

आईला पुन्हा वाचून दाखवलं. मदतनीस म्हणजे काम करून उत्तर आणून देणारा, हे तिला लगेच पटलं. मग विचारते, “मानधन किती?”