आजी-आजोबांकडे वाढलेले मूल परत आणताना

प्रश्न : एक आई, पुणे

आमचा मुलगा दीड वर्षाचा असताना मला कंपनीत शिफ्टचे काम मिळाले आणि इथे त्याला सांभाळणारे कोणी नसल्यामुळे आम्ही त्याला माण तालुक्यात सासू-सासऱ्यांकडे ठेवले. आता तो साडेतीन वर्षांचा आहे. आम्ही पंधरा दिवसांनी गावी जातो. निघताना घरातील सगळे बजावतात की, पोराच्या डोळ्यांदेखत जाऊ नका, रडून आजारी पडेल. म्हणून मामंजी त्याला वासरू दाखवायला गोठ्यात नेतात आणि तेवढ्यात आम्ही एसटी गाठतो. पूर्वी तो मला पाहताच धावत यायचा. आता आजीच्या पदराआड जातो, जवळ घेतले तर अंग ताठ करतो, आणि रात्री मात्र माझी ओढणी मुठीत धरूनच झोपतो. शेजारच्या बायका म्हणतात, पोर आईला विसरले. येत्या जूनमध्ये त्याला पुण्यात बालवाडीत घालायचे आहे. त्याची सवय तुटावी म्हणून आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आधी महिनाभर त्याच्यापासून लांब राहायचे ठरवले आहे. हे योग्य होईल का?

उत्तर : बालवाडी शिक्षिका, कोल्हापूर

ताई, आत्यांना लांब राहू देऊ नका, एवढे आधी सांगते. दरवर्षी जूनमध्ये आमच्या वर्गात दोन प्रकारची मुले दिसतात. काही मुलांचे पालक दारात सांगून जातात. ती मुले मोठ्याने रडतात, पण थोड्या वेळाने खेळात रमतात. काहींचे पालक नजर चुकवून निघून जातात. ती मुले कदाचित कमी रडतात, पण हातातल्या ठोकळ्यांकडे त्यांचे लक्ष नसते, ती सारखी दाराकडे पाहत राहतात, कारण आपले माणूस कोणत्याही क्षणी नाहीसे होऊ शकते, हे त्यांना कळलेले असते. या वयाच्या मुलाला ‘दोन तासांनी’ हे समजत नाही. ‘खिचडी खाऊन हात धुतले की आई येईल’ हे समजते. मात्र तसे सांगितले, तर त्या वेळी आलेच पाहिजे.

उत्तर : समुपदेशक, नाशिक

आपला मुलगा आपल्याला विसरलेला नाही. विसरलेले मूल ओढणी धरून झोपत नाही. आईवडिलांपासून दुरावलेल्या लहान मुलांचे बारकाईने निरीक्षण ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी केले. त्या काळी तिथल्या रुग्णालयांत पालकांना फारच थोडा वेळ भेटू देत असत. १९५२ साली त्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण लोकांपुढे ठेवले. अशी मुले आधी आकांत करतात, मग मलूल होतात आणि शेवटी शांत, हसरी दिसू लागतात. कर्मचाऱ्यांना वाटते की मूल रुळले, पण आई आली की ते तोंड फिरवते. ही अलिप्तता म्हणजे पुन्हा दुखावले जाऊ नये म्हणून मुलाने केलेला बचाव असतो, असे रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांचे म्हणणे होते. पुढे ब्रिटनमधील १९५९ च्या सरकारी प्लॅट समितीने मुलांच्या वॉर्डात पालकांना मुक्तपणे येऊ द्यावे, अशी शिफारस केली.

आपल्यासाठी त्यापुढचे काम अधिक महत्त्वाचे आहे. जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने, आई बाळंतपणासाठी रुग्णालयात असताना, चार लहान मुलांना एकेक करून स्वतःच्या घरी सांभाळले. एकच प्रेमळ माणूस सतत जवळ असल्यामुळे आणि आईची आठवण मुद्दाम जागती ठेवल्यामुळे ही मुले बरीच सावरलेली राहिली. उलट, नऊ दिवस संगोपनगृहात राहिलेला सतरा महिन्यांचा एक मुलगा सतत बदलणाऱ्या दायांमध्ये पार कोलमडला. आपल्या मुलाला आजीच्या रूपाने असे एक माणूस मिळाले आहे आणि म्हणूनच तो आज माया लावू शकतो. तेच माणूस महिनाभर पाठ फिरवू लागले, तर आई गेली तशी आजीही जाते, एवढेच त्याच्या पदरी पडेल. शक्य असल्यास आत्यांनी जूनमध्ये काही आठवडे आपल्यासोबत पुण्यात राहावे आणि त्यांच्या देखत आपण त्याला भरवणे, आंघोळ घालणे हळूहळू हाती घ्यावे.

उत्तर : निवृत्त प्राथमिक शिक्षक, बीड जिल्हा

आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला जातात आणि अनेक पोरे म्हाताऱ्यांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्यामुळे मुलाला मागे ठेवणाऱ्या आईला दोष देणे मला मुळीच मान्य नाही. पोट भरायचे असते. परंतु मागे राहिलेल्यांनी तोंडाला आवर घालावा. ‘तुझी आई तुला टाकून गेली, आता आमचाच हो’ असे थट्टेने म्हणण्याची गावोगाव खोड आहे आणि मूल ते खरे मानते. ज्या आज्या रोज संध्याकाळी ‘आई आता फडातून खोपीवर आली असेल, भाकरी करीत असेल’ असे सांगत, त्यांची नातवंडे शाळेत आईविषयी मोकळेपणाने बोलत. आपल्या घरीही आत्यांना एवढेच सांगा.

प्रश्नकर्ती

सर्वांची आभारी आहे. या खेपेला मामंजींनी त्याला गोठ्यात न्यायचे नाही, असे ठरवले आहे. परंतु एसटीपाशी त्याने हंबरडा फोडला तर काय करावे? मला ते बघवत नाही.

उत्तर : समुपदेशक, नाशिक

तो रडेल, आणि बहुधा पहिल्या काही खेपांना जास्तच रडेल, कारण आजवर त्याला निरोपाच्या वेळी रडायची संधीच मिळालेली नाही. ‘रडू नकोस’ म्हणू नका. ‘मी जाणार म्हणून तुला वाईट वाटते, मलाही वाटते’ असे म्हणा, कोणत्या दिवशी येणार ते सांगा आणि निरोप लांबवू नका. पुन्हा पुन्हा मागे वळलात, तर जाणे अजून ठरायचे आहे, असे त्याला वाटेल. त्या वेळी तो आजीच्याच कडेवर असावा. ओढणी त्याच्याजवळ ठेवा आणि ती धुऊ नका. येण्याचा दिवस चुकणार असेल, तर आदल्या दिवशी आपण स्वतः फोनवर त्याला सांगा. हे काम आत्यांवर सोपवू नका.