मदत हवी आहे: पश्चिम सहारा आणि सहरावी लोकांवर गावात बोलायचंय, साहित्य सुचवा

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कुणीतरी एका देशाबद्दल तासभर बोलतं. पुढची पाळी माझी आहे आणि मी पश्चिम सहारा घेतलाय, म्हणजे वायव्य आफ्रिकेतला, मोरोक्कोच्या दक्षिणेचा सहरावी लोकांचा वादग्रस्त प्रदेश. ऐकायला तीस-चाळीस माणसं असतात. निम्मे शेतकरी, बाकी निवृत्त शिक्षक आणि अकरावी-बारावीची मुलं. विषय जाहीर होताच एका मुलीने विचारलं, "नकाशात याची सीमा तुटक रेषेने का दाखवतात?" त्या प्रश्नामुळे मी खरी या विषयात शिरले.

१६ ऑक्टोबर १९७५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की या प्रदेशावर मोरोक्कोचं किंवा मॉरितानियाचं सार्वभौमत्व सिद्ध होत नाही, तिथल्या लोकांनीच आपलं भवितव्य ठरवावं. बरोबर तीन आठवड्यांनी मोरोक्कोने साडेतीन लाख नागरिकांचा मोर्चा सीमेकडे नेला. तोवर तिथे राज्य करणारा स्पेन निघून गेला, सहरावी आणि हे दोन शेजारी देश यांच्यात लढाई पेटली, आणि हजारो सहरावी अल्जीरियात तिंदूफजवळच्या वाळवंटात जाऊन राहिले. तिथल्या छावण्यांना त्यांनी मागे राहिलेल्या गावांची नावं दिली: लायून, स्मारा, औसर्द, दाखला, बुजदूर. छावणीत जन्मलेली बाई आज आजी झाली असेल आणि तिचा पत्ता म्हणजे तिने कधी न पाहिलेल्या गावाचं नाव. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्या ताब्यातला भाग उरलेल्या भागापासून तोडायला मोरोक्कोने बांधलेली वाळूची भिंत सुमारे २,७०० किलोमीटरची आहे, तिच्या कडेने सुरुंग पेरलेले. मुलांना कळावं म्हणून मी सांगणार आहे की आपल्या ७२० किलोमीटरच्या किनाऱ्याच्या पावणेचार पट.

आतापर्यंत हाताशी आलेलं: सहरावींनी स्वतः जाहीर केलेल्या सहरावी प्रजासत्ताकाची वृत्तसंस्था सहारा प्रेस सर्व्हिस, खनिजांच्या जहाजांवर नजर ठेवणारी वेस्टर्न सहारा रिसोर्स वॉच, आणि लायून शहरात गच्च्यांवरून लपून चित्रण करणारी एकिप मीडिया. यातल्या तरुणांनी तुरुंग भोगलाय, म्हणून त्यांचं चित्रण दाखवायचंच असं ठरवलंय. सहरावी मानवाधिकार कार्यकर्त्या अमिनातू हैदर यांच्याबद्दलही सांगणार आहे. २००९ मध्ये त्यांना स्वतःच्या गावी जाऊ दिलं नाही, तेव्हा त्या लान्झारोते या स्पॅनिश बेटाच्या विमानतळावर ३२ दिवस उपोषणाला बसल्या आणि शेवटी घरी परतल्या.

मला अडलंय ते असं. चित्रफितींना मराठी उपशीर्षकं जोडायची तर परवानगी कुणाकडे मागायची? एकाच बाजूचं दाखवलं असं कुणी म्हणालं तर काय पुढे ठेवू? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पश्चिम सहारातल्या बू क्रा खाणीतलं, खतासाठी लागणारं फॉस्फेट भारतातही येतं असं वाचलं. समोर बसलेले लोक खताची गोणी खांद्यावर वाहणारे आहेत. त्यांना हे कसं सांगू की ते खरंही असेल आणि त्यांना आपल्यावर ठपका ठेवल्यासारखं वाटणार नाही?

प्रतिसाद १

ताई, विषय छान निवडलात. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, मी खतांच्या व्यवसायात वीस वर्षं आहे. "आपल्या गोणीत सहारातला दगड आहे" असं म्हणू नका. फॉस्फेटचा दगड आपण जॉर्डन, इजिप्त, टोगो अशा अनेक देशांतून घेतो, आणि तयार खतात तो कुठला हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. जहाजांबद्दल बोला. रिसोर्स वॉचच्या वार्षिक अहवालात कोणतं जहाज लायूनच्या धक्क्यावरून निघून कोणत्या बंदरात गेलं ते दिलेलं असतं, आणि त्यात भारताचंही नाव आलेलं आहे. खाणीपासून समुद्रापर्यंत साधारण शंभर किलोमीटरचा सरकता पट्टा आहे, त्याचं छायाचित्र नक्की दाखवा. शेतकऱ्याने काही चूक केलेली नाही, हे आधीच स्पष्ट सांगा. प्रश्न विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्या कंपन्यांना विचारायचा आहे.

प्रतिसाद २

एकाच बाजूचं म्हणतील, तर मोरोक्कोचा २००७ चा स्वायत्ततेचा प्रस्ताव तुम्हीच मांडा, लपवू नका. त्याशेजारी संयुक्त राष्ट्रांच्या १९९१ पासूनच्या मोहिमेचं नाव वाचून दाखवा. त्या नावातच 'सार्वमत' हा शब्द आहे आणि ते सार्वमत आजवर झालेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२४ चा युरोपीय न्यायालयाचा निकालही ठेवा, सहरावी जनतेची संमती नसताना युरोपीय संघाने मोरोक्कोशी केलेले व्यापारी करार चालणार नाहीत, असा. आपल्या सरकारचंही सांगा: भारताने १९८५ मध्ये सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि २००० मध्ये काढून घेतली. लोकांना हे माहीतच नसतं.

परवानगीसाठी ज्यांनी चित्रण केलं त्यांनाच थेट लिहा. त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्याच फिती वापरा. कुणी खाजगीत पाठवलेली, चेहरे दिसणारी फीत पडद्यावर आणू नका, तिथल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. गोणीचं वाक्य आजच खोडलं आणि जहाजांचा भाग नव्याने लिहायला घेतलाय. परवानगीचं पत्र इंग्रजीत तयार आहे, पण स्पॅनिशमध्ये पाठवावं असं वाटतं. इथे स्पॅनिश येणारं कुणी आहे का, जे पानभर मजकूर तपासून देईल? आणि एका फितीत एक म्हातारी हस्सानिया अरबीत, म्हणजे सहरावींच्या बोलीत, काही तरी गाते, दोनच ओळी. त्या मला मराठीत आणायच्या आहेत, अंदाजाने नाही, नीट. मोरोक्को, अल्जीरिया किंवा मॉरितानियात राहिलेलं आपल्यापैकी कुणी असेल तर कृपया इथेच लिहा. शनिवारला अजून सोळा दिवस आहेत.