शेजारच्या चिनी बाळंतिणीला स्तनपानासाठी आधार कसा द्यावा?

पामबीचवाली (नेरूळ):
नमस्कार. आमच्या मजल्यावर वर्षभरापासून एक चिनी जोडपे राहते. नवरा बेलापूरला नोकरीला आहे. अकरा दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली. बाळंतपणासाठी तिची आई येणार होती, परंतु व्हिसा वेळेत मिळाला नाही. रुग्णालयात पहिल्याच रात्री बाळाला वरचे दूध दिले गेले आणि ते अजून चालू आहे. अंगावर पाजावे अशी तिची मनापासून इच्छा आहे. परवा तिने भाषांतराच्या ॲपवर लिहून दाखवले, "माझे दूध पाण्यासारखे आहे. आई म्हणते, त्यात सत्त्व नाही." ओट्यावर गावाहून मागवलेले परदेशी पावडरीचे दोन डबे होते.

मी पहिल्या दिवशी तिच्यासाठी ताक नेले. तिने पेल्याला बोटे लावली, हसून तो बाजूला ठेवला आणि थर्मासमधले गरम पाणी ओतून घेतले. ऑक्टोबरच्या या उकाड्यात ती पंखा बंद करून, पायांत मोजे आणि डोक्याला टोपी घालून बसते. तिचे मन न दुखावता मी काय सांगावे? या समजुती आधी दूर कराव्यात का?

खोपटची परिचारिका (ठाणे):
ताई, समजुतींना हात लावू नका. तुम्ही जे पाहिले त्याला चिनी भाषेत 'त्स्वो युएत्झ', म्हणजे 'महिना बसणे' म्हणतात. बाळंतिणीने साधारण तीस ते चाळीस दिवस घराबाहेर पडायचे नाही, वारा लागू द्यायचा नाही, थंड किंवा कच्चे खायचे नाही, काही घरांत तर केसही धुवायचे नाहीत. आपला सव्वा महिना, कानाला बांधलेला रुमाल आणि शेक-शेगडी आठवा, म्हणजे तिने ताक का बाजूला ठेवले ते उमजेल. थंड पदार्थाने दूध आटते, असे आपल्याही आज्या सांगत. या प्रथेत आईला विश्रांती मिळते आणि बाळ दिवसभर तिच्याजवळ राहते, आणि पान्हा टिकण्यासाठी नेमके हेच लागते. फक्त बाळाला घाम येईपर्यंत गुंडाळू नये.

खरी अडचण वरच्या दुधाची आहे. बाळ जितके ओढेल तितके दूध तयार होते. प्रत्येक पाजण्यानंतर बाटली दिली की बाळ कमी ओढते, स्तन कमी रिकामे होतात, दूध कमी बनते, आणि "मला पुरत नाही" ही आईची भीती खरी वाटू लागते. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावते, म्हणून थोडासा पिवळा चीक त्याला पुरतो. तो संपून दूध पांढरे आणि पातळ दिसू लागले, की सत्त्व गेले असे वाटते. प्रत्यक्षात पाजण्याच्या सुरुवातीचे दूध पातळ असते आणि स्तन रिकामा होत जातो तसे त्यात स्निग्धांश वाढतो. एक बाजू पूर्ण पिऊ द्यावी, हे तिला सांगाच.

डबा एकदम बंद करायला मात्र सांगू नका. आधी बालरोगतज्ज्ञांकडे वजन करून घ्यावे. जन्माचे वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यायला हवे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे आणि सहा किंवा अधिक लंगोट ओले होणे, ही पुरेशा दुधाची घरात मोजता येणारी खूण आहे. पाजताना बाळाच्या तोंडात नुसते बोंड न जाता भोवतालचा काळसर भागही जायला हवा. पाजताना दुखत असेल तर बहुधा बाळाची पकड चुकत असते; ती स्तनपान समुपदेशकाकडून समोर बसून सुधारून घ्यावी.

आणखी एक: तिच्या आईला वगळू नका. त्या घरात शेवटचा शब्द आजीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची माहिती चिनी भाषेत उपलब्ध असते. ती तिच्या नवऱ्याला शोधायला सांगा आणि व्हिडिओ कॉलवर आजीपुढे वाचू द्या.

दहा वर्षे परदेशी, आता खारघर:
त्या परदेशी डब्यांविषयी थोडे लिहितो. 2008 मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन या प्लास्टिक बनवण्याच्या रसायनाची भेसळ उघडकीस आली. पाणी घातलेल्या दुधातील प्रथिने चाचणीत जास्त दिसावीत म्हणून ते मिसळले गेले होते. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली आणि सहा दगावली. त्यानंतर परदेशी डब्यांना इतकी मागणी आली की हाँगकाँगला 2013 मध्ये बाहेर जाणाऱ्या प्रवाशांवर बाळांच्या पावडरीचे दोनच डबे नेण्याची मर्यादा घालावी लागली. म्हणून तो डबा तिच्या घरच्यांच्या दृष्टीने काळजी घेतल्याचे चिन्ह आहे. त्याला नावे ठेवलीत तर ते आजीला लागेल.

अमेरिकेत मी पाहिलेल्या चिनी कुटुंबांत वेगळेच दुखणे होते. दोघांनाही दिवसाचे बारा तास काम, पाळणाघर परवडत नाही, म्हणून काही महिन्यांचे बाळ आजी-आजोबांकडे चीनला पाठवायचे; विशेषतः न्यूयॉर्कमध्ये ही गोष्ट सर्रास घडते. ज्या आईला बाळ दूर जाणार हे ठाऊक असते, ती पहिल्या आठवड्यापासून बाटलीची सवय लावते. तुमच्या शेजारणीचा पुढचा बेत काय आहे, हे एकदा हळुवारपणे विचारा.

नौपाड्याच्या आजी:
अगं, ताकाऐवजी गरम पेज ने. तिच्याकडे आले चालते ना, मग आल्याचा रस्सा कर. अळिवाची खीर गरमच दे, पण वाटीभरच आणि तिला आवडली तरच. आणि तू गेलीस की बाळ घेऊन बसू नकोस; भांडी घास, लंगोट वाळत घाल, बाळ तिच्याजवळ राहू दे.

पामबीचवाली (नेरूळ):
मनापासून आभार. काल वजन केले. जन्माच्या वजनाला साठ ग्रॅम कमी आहे. डॉक्टरांनी आधी अंगावर पाजून मग वरचे दूध द्यायला सांगितले असून तीन दिवसांनी पुन्हा बोलावले आहे. भिंतीवर कागद लावला आहे. नवरा प्रत्येक ओल्या लंगोटाची रेघ ओढतो आणि रात्री तो कागद कॅमेऱ्यासमोर धरून सासूबाईंना दाखवतो. काल सात रेघा होत्या. एक शंका उरली: बाळाच्या चीनमधल्या आजींनी सांगितलेल्या कोंबडीच्या सूपमध्ये तांदळाची दारू घालतात. ती चालेल का?

खोपटची परिचारिका (ठाणे):
दारूचा अंश दुधात उतरतो आणि शिजवल्यावरही तो पूर्ण उडून जात नाही, म्हणून ती वगळावी. आले, कोंबडी, तीळ, लाल खजूर सगळे राहू द्या, म्हणजे सूप आजींच्या ओळखीचेच लागेल. वजनाचा आकडा तीन दिवसांनी इथे अवश्य कळवा.