पायथनसाठी टर्मिनलमध्येच चालणारं काही बरं सुचवा (लॅपटॉप जुना आहे)

कूलरसमोर
राम राम मंडळी. दिवसा अकाउंट्स, संध्याकाळी पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकून राहिलो. काकाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. नागपूरच्या कळमना बाजारात माल विकला त्याचे आंबिया-मृग दोन्ही बहारांचे भाव काकानं सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) भरले, हिशोब मला लावायचा आहे.

टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) पायथन सुरू केलं की जी खिडकी उघडते, तिच्यात दहा ओळींचं फंक्शन लिहिलं अन् तिसऱ्या ओळीत चूक निघाली, की बाण दाबदाबून एकेक ओळ परत आणा. परवा भर दुपारी लाइट गेली. बॅटरी तर कधीचीच मेली आहे, दोन तासांचं सगळं गेलं. ज्युपिटर नोटबुक (ब्राउझरमध्ये पायथन चालवायचं साधन) उघडतो तर ४ जीबी रॅममध्ये ब्राउझर आचके देते. काय वापरू?

बर्डीवाला
आयपायथन घे भाऊ, पायथनच्या साध्या खिडकीऐवजी टर्मिनलमध्येच चालते. पिप इन्स्टॉल आयपायथन, झालं. (कमांड मी देवनागरीत लिहून राहिलो, तू रोमनमध्ये टाक बाप्पा.)

ज्युपिटर त्याच्याच पोटातून निघालं. फर्नांडो पेरेझनं २००१ मध्ये कोलोरॅडोत भौतिकशास्त्र शिकता शिकता हे सुरू केलं, नोटबुक २०११ मध्ये आली अन् २०१४ मध्ये ज्युपिटर वेगळं झालं. म्हणजे ब्राउझरचं ओझं सोडून बाकी तेच.

बाण वर दाबला की अख्खं फंक्शन एकदम परत येते. नावापुढे ? टाकलं की माहिती, ?? टाकलं की त्याचा सोर्स कोड (पायथनमध्ये लिहिलेला असेल तर). लाइट गेली तरी टाकलेल्या ओळी जात नाहीत, डिस्कवर राहतात. %हिस्टरी -जी अन् पुढे एखादा शब्द टाक, जुन्या सेशनमधलंही शोधून देते. व्हेरिएबल मात्र परत येत नाहीत, ओळी पुन्हा चालवाव्या लागतात.

पण मी हे वापरतो ते %डीबगसाठी. एरर आली की लगेच %डीबग टाक. जिथं गाडी अडली तिथंच तू उभा असतो, व्हेरिएबलमध्ये त्या क्षणी काय होतं ते विचारून घे. जागोजागी प्रिंट टाकणं सुटते.

उमरेड_रोड
एवढ्यासाठी नवीन काही टाकायचं कशाला? ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथन ३.१३ आलं, त्याच्या साध्या खिडकीतच आता रंग आहेत अन् अख्खा ब्लॉक परत येतो. बीपायथनही पाहा, तेही असंच टर्मिनलमधलं आहे, पण त्याचं रिवाइंड जपून वापरा. एक ओळ मागं घेताना तो आधीच्या सगळ्या ओळी पुन्हा चालवतो. फाइलमध्ये काही लिहिलं असेल तर दोनदा लिहिल्या जाते.

बर्डीवाला
३.१३ चांगलंच आहे, पण %डीबग कुठं आहे त्याच्यात?

तर्री_जास्त
४ जीबीवाल्यानं एक ध्यानात ठेवा. आयपायथन प्रत्येक उत्तर 'आउट'मध्ये सांभाळून ठेवते, मोठा टेबल नुसता पाहिला तरी तो मेमरीत बसून राहतो. ओळीच्या शेवटी अर्धविराम (;) द्या, मग दाखवतही नाही अन् साठवतही नाही.

अन् प्रोजेक्टचं वेगळं एन्व्हायर्नमेंट (त्याच्यापुरतं वेगळं पायथन अन् पॅकेजेस) असेल तर आयपायथन त्याच्या आत टाका. मी बाहेरचं चालवून 'मॉड्यूल सापडत नाही' म्हणून अख्खा रविवार घालवला आहे.

कूलरसमोर
टाकलं. सीएसव्ही वाचताना इंट() (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) एरर देत होतं. मला वाटे, काकानं आकडे मराठीत भरले म्हणून. बसून बदलणारच होतो सगळे. %डीबग टाकलं, तर भावात '२,८००' दिसलं. तिथंच इंट('२८००') करून पाहिलं, बरोबर २८०० आलं! म्हणजे देवनागरी आकडे पायथनला चालतात, नडला तो स्वल्पविराम. रिप्लेस लावून स्वल्पविराम काढला, एक ओळ सोडून तीन वर्षांच्या बाकी सगळ्या ओळी वाचल्या गेल्या.

आता काकाला विचारतो, त्या एका ओळीत भावात 'उधार' लिहिलं आहे त्याचं काय करू.