उ. : सॉल्ट प्रिंट कागदात बुडतोय

तुमचा सॉल्ट प्रिंट (मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर उन्हात छापलेला फोटो) फिका पडतो, अशी तक्रार आहे. नेगेटिव्हमध्ये कॉन्ट्रास्ट भरपूर असूनही तुमचे काळे भाग करडे आणि मातकट दिसतात, म्हणजे चांदी धाग्यांत खोल उतरतेय. सिल्व्हर नायट्रेटचं प्रमाण वाढवून फरक पडणार नाही, उगाच खर्च. आधी कागदाला नीट खळ द्या (जिलेटिन किंवा स्टार्चचा पातळ थर), म्हणजे चांदी वरच राहील.

जिलेटिनचं नेहमीचं माप: लिटरभर डिस्टिल्ड पाण्याला ८ ग्रॅम जिलेटिन, २० ग्रॅम अमोनियम क्लोराइड, २० ग्रॅम सोडियम सायट्रेट. जिलेटिन आधी गार पाण्यात फुगू द्या, मग कोमट करून विरघळवा. उकळू मात्र नका, त्याचा चिकटपणा जातो.

वर कुणीतरी विचारलंय, जिलेटिन प्राणिजन्य, मग शाकाहारी पर्याय काय? आरारूट! लिटरला साधारण २० ग्रॅम. गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओतायचं, पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, मग वरचेच क्षार घालायचे. वर साय धरते ती काढलीच पाहिजे, नाहीतर प्रिंटवर रेघा उमटतात. तलम, मॅट पोत येतो. मला तरी जिलेटिनपेक्षा हाच आवडतो.

आता ठाण्याचा पावसाळा. घोडबंदर रोडला खाडीकडच्या घरात जुलैत कागद वाळतच नाही, आणि जिलेटिन काय, आरारूट काय, बुरशीला दोन्ही प्रिय. म्हणून खळ देण्याचं काम मेपर्यंत उरकावं आणि कागद हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावेत. सिल्व्हर नायट्रेट मात्र छापायच्या दिवशीच लावा. ढगाळ उजेडात एक्स्पोजर लांबतं, पण प्रिंट होतो.

कागद कोणता वापरताय? हॉट प्रेस्ड कॉटन (गरम दाबून गुळगुळीत केलेला सुती कागद) असेल तर पातळ खळही पुरते.